वेड पांघरून कुणी येरवड्याला जात नाही

खुनाची एखादी बातमी चार दिवस गाजते आणि पाचव्या दिवशी मथळा येतो: ‘आरोपी मनोरुग्ण असल्याचा वकिलांचा दावा’. त्यावर लोकलमध्ये आणि चहाच्या टपरीवर काय बोललं जाणार हे ठरलेलं असतं. झालं, सुटला आता. सुरा विकत घेताना बरा शहाणा होता, पकडल्यावरच कसं वेड लागलं? वेड पांघरून पेडगावला जायचे धंदे आहेत सगळे!

हा संताप समजण्यासारखा आहे. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या बाजूने विचार केला तर तो यायलाच हवा. पण त्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे, की वेडाचा बचाव ही तुरुंगातून बाहेर पडायची चोरवाट आहे. आपल्याकडच्या तुरुंगांचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. हा बचाव क्वचित मान्य होतो. मान्य झाला तरी माणूस सरळ घरी जात नाही. आणि आजारामुळे ज्यांचा खटला उभाच राहू शकत नाही, त्यांच्यातले काही जण तर दोषी ठरले असते त्याहून जास्त वर्षं आत काढतात. पेडगाव राहतं बाजूला, माणूस पोचतो येरवड्याला. तिथे कारागृह आहे आणि राज्यातलं सर्वात मोठं, २,५४० खाटांचं मनोरुग्णालयही आहे. या दोघांच्या मध्ये माणूस किती वर्षं फिरत राहील याची वरची मर्यादा कायद्याने घालून दिलेली नाही. माझी तक्रार या न घातलेल्या मर्यादेबद्दल आहे. कलम फार उदार आहे का, हा वाद त्यापुढे मला दुय्यम वाटतो.

आधी कलम. भारतीय दंड संहितेचं ८४ वं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २२ वं झालं. मजकूर जवळजवळ तोच आहे: कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे ज्याला आपण काय करतो आहोत हेच कळत नव्हतं, किंवा ते चुकीचं अथवा बेकायदा आहे हे कळत नव्हतं, त्याचं ते कृत्य गुन्हा ठरत नाही. यातला ‘करतेवेळी’ हा शब्द फार जड आहे. नुसतं आजारी असणं पुरत नाही, आदल्या वर्षी दवाखान्यात भरती असणंही पुरत नाही. ज्या घटकेला कोयता उगारला, त्या घटकेला समज हरपलेली होती, हे दाखवावं लागतं.

हा नियम इंग्लंडातून आला. जानेवारी १८४३ मध्ये लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर गोळी झाडली. सत्ताधारी पक्ष आपल्या जिवावर उठला आहे असा त्याचा पक्का समज होता. ज्यूरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं तेव्हा तिकडेही आपल्या टपरीवरच्यासारखाच गहजब झाला. त्या गोंधळातून न्यायाधीशांनी जे निकष घालून दिले, त्यांच्याच वळणाची तरतूद १८६० मध्ये आपल्या दंड संहितेत आली. मॅकनॉटन ‘सुटला’ हे सगळे सांगतात. पुढची २२ वर्षं त्याने वेड्यांच्या इस्पितळांत बंदिवासात काढली आणि १८६५ मध्ये तिथेच तो मेला, हे फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेत १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणारा जॉन हिंकली १९८२ मध्ये याच कारणावरून निर्दोष ठरला. इस्पितळातून त्याला राहायला घरी सोडलं २०१६ मध्ये, आणि उरल्यासुरल्या अटी उठल्या २०२२ मध्ये. चोरवाट म्हणायची तर जरा लांबचीच.

आपल्याकडे हा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. १९६४ सालच्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भार हलका असल्याचं सांगितलं. दिवाणी दाव्यात जेवढं पटवून द्यावं लागतं तेवढं पुरे. आणि तेवढंही जमलं नाही, पण हेतूबद्दल रास्त शंका निर्माण झाली, तरी तिचा फायदा आरोपीला मिळायला हवा. कागदावर हे उदार आहे. प्रत्यक्षात काय होतं? एका अभ्यासात उच्च न्यायालयांचे दहा वर्षांतले १०२ निकाल तपासले गेले, तेव्हा हा बचाव शंभरात साधारण अठरा वेळा टिकलेला दिसला. हे उच्च न्यायालयापर्यंत पोचलेल्यांचं प्रमाण. सत्र न्यायालयात ज्यांच्या वकिलाने हा मुद्दा काढलाच नाही, त्यांची गणती यात नाही.

टिकतो तो कुणाचा? महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायाचा खटला बघा. १९९४ मध्ये त्याने दिवसाढवळ्या, वाटण्याच्या दगडाने पत्नीचा खून केला. पळाला नाही, काही लपवलं नाही. कारण काय, तर त्याला नोकरीचा राजीनामा द्यायचा होता आणि पत्नीचा विरोध होता. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. १९९२ पासून स्किझोफ्रेनियावर उपचार चालू होते, वडिलांनाही मानसिक आजार होता, आणि घटनेनंतर जून ते डिसेंबर या सहा महिन्यांत त्याला २५ वेळा रुग्णालयात न्यावं लागलं होतं. हे सगळं नोंदलेलं होतं. न्यायालयाने त्यावरून घटनेच्या वेळच्या मनःस्थितीचा अंदाज बांधला, आणि तो योग्यच होता.

आता तोच प्रसंग बीडमधल्या एखाद्या ऊसतोड मजुराच्या बाबतीत घडला असं समजा. दोन वर्षं तो एकटाच बडबडतो आहे, बायको जेवणात विष घालते म्हणतो आहे, रात्र रात्र फडात फिरतो आहे. घरच्यांच्या मते बाहेरचं झालंय. आधी देवऋषी, मग कुणीतरी सांगितलं म्हणून दर्गा, तिथे अकरा गुरुवार, मग खर्च झेपेना म्हणून घरातच खांबाला बांधून ठेवलेला. या दोन वर्षांचा सरकारी दवाखान्यातला एकही केसपेपर नाही. न्यायालयासमोर उभा राहतो तो कागद नसलेला माणूस, आणि कागद नाही म्हणजे आजार नाही असा त्याचा अर्थ लावला जातो. गावातले साक्षीदार ‘तो जरा सटकेलच होता’ म्हणतात, पण ‘सटकेल’ हे काही निदान नव्हे, असं सरकारी वकील म्हणतात. तेही खरंच.

मग पुरावा गोळा व्हायला हवा कधी? अटकेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. त्या दिवसांत होतं काय, हे जवळून पाहण्यासारखं आहे. अटक झाल्यावर वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे. पोलीस आरोपीला सरकारी दवाखान्यात नेतात. ड्युटीवरचा डॉक्टर अंगावर मार आहे का, दारू प्यायला आहे का ते पाहतो, नाव-गाव विचारतो आणि लिहितो: ‘कॉन्शस, ओरिएंटेड’. म्हणजे शुद्धीवर आहे, स्थळकाळाचं भान आहे. ज्याला आपल्या बायकोत सैतान शिरला आहे असं शंभर टक्के वाटतं, त्या माणसालाही आपलं नाव सांगता येतं, आज मंगळवार आहे हे सांगता येतं, तालुका कुठला तेही सांगता येतं. भ्रमाचा आजार असाच असतो. बाकी सगळं जागेवर आणि एकच खिळा उखडलेला. त्याला बायकोबद्दल कुणी विचारतच नाही. आणि तीन वर्षांनी साक्षीत सरकारी वकील हाच कागद पुढे करतात: बघा, अटकेच्या दिवशी आरोपी पूर्ण भानावर होता.

पुढे कारागृहात प्रवेश करताना आणखी एक तपासणी होते, तीही बहुतेक अंगावरच्या जखमांची. मानसोपचारतज्ज्ञ गाठ पडेपर्यंत कधी आठवडे जातात, कधी महिने. तो मग साक्षीला येऊन प्रामाणिकपणे सांगतो, मी तपासलं तेव्हा याला स्किझोफ्रेनिया होता. घटनेच्या दिवशी काय स्थिती होती हे मला सांगता येणार नाही. ‘करतेवेळी’ या शब्दाचा भार पुन्हा आरोपीच्या डोक्यावर. ज्याला स्वतःचं नीट सांगता येत नाही, जो पहिल्या दिवसापासून सरकारच्या ताब्यात आहे, त्यानेच आपल्या मनाच्या अवस्थेचा पुरावा ताब्याबाहेरून आणायचा, असा हा प्रकार आहे.

सर्वोच्च न्यायालयाला हे दिसलेलं नाही असं नाही. राजस्थानातल्या एका खटल्यात २००७ साली न्यायालयाने म्हटलं, की आरोपीला पूर्वी मानसिक आजार होता हे तपासात कळलं तर त्याची वैद्यकीय तपासणी करून घेऊन तो पुरावा न्यायालयापुढे ठेवणं हे प्रामाणिक तपास अधिकाऱ्याचं कर्तव्यच आहे; ते केलं नाही तर सरकार पक्षाची बाजू कच्ची राहते आणि संशयाचा फायदा आरोपीला द्यावा लागतो. २००६ सालच्या महाराष्ट्रातल्या एका खुनाच्या खटल्यात हेच घडलं. हल्ल्यानंतर आरोपीला लगेच रुग्णालयात भरती करावं लागलं होतं, इतकं की त्याची अटकही लांबली. तरी त्याच्या आजाराची आणि उपचारांची माहिती सरकार पक्षाने न्यायालयापुढे आणली नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं ते २०१८ मध्ये. मधली वर्षं त्याने कशाची भोगली, याचं उत्तर कुठल्याच कलमात नाही.

म्हणून पहिली मागणी अशी. खून आणि गंभीर दुखापतीच्या प्रत्येक प्रकरणात पहिल्या ७२ तासांत मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, तिचं चित्रीकरण व्हावं आणि ते न्यायालयाच्या ताब्यात मोहोरबंद राहावं. आरोपीने तेव्हा जे काही सांगितलं ते गुन्हा सिद्ध करण्यासाठी वापरता येणार नाही, फक्त मनःस्थितीच्या मुद्द्यापुरतं वापरता येईल, अशी अट घालावी लागेल; नाहीतर स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनादत्त हक्काला धक्का बसेल. मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून, असा प्रश्न येईल. देशात लाख लोकांमागे एकही नाही, हे खरं आहे. पण अशी तपासणी प्रत्येक चोरी-मारामारीत करायची नसून मोजक्या गुन्ह्यांत करायची आहे, आणि व्हिडिओ कॉलवर साक्षी नोंदवणारी न्यायालयं जिल्ह्याच्या ठिकाणाहून डॉक्टरलाही जोडून घेऊ शकतात.

याचा फायदा सोंग घेणाऱ्यांच्या विरोधातही होतो, ही गोष्ट संतापलेल्या मंडळींनी लक्षात घ्यावी. सोंग घेणारे असतातच. पण दहा दिवस वॉर्डात ठेवून रात्रंदिवस लक्ष ठेवलं तर वेडाचं सोंग टिकवणं महाकठीण असतं. डॉक्टर राउंडला आला की बरळणारा माणूस रात्री गाढ झोपतो, पोटभर जेवतो, आणि वेड म्हणजे सिनेमात पाहिलेलं वेड करून दाखवतो. खऱ्या रुग्णाला बहुधा आवाज ऐकू येतात, आणि तो ते लपवायला बघतो. जितकी तपासणी लवकर तितकं सोंग कच्चं, कारण तोवर बराकीतल्या जुन्या कैद्यांची शिकवणी झालेली नसते.

अर्थात सोंग आणि आजार यांच्यातली रेघ तुरुंगात नेहमीच स्वच्छ नसते. १८९८ साली सिगबर्ट गान्सर या जर्मन डॉक्टरने काही कैद्यांमध्ये पाहिलेली एक चमत्कारिक अवस्था नोंदवली. गाईला पाय किती? पाच. दोन आणि दोन किती? पाच. उत्तर चुकीचं, पण इतकं जवळचं की प्रश्न कळला आहे हे उघड दिसावं. कुणीही म्हणेल, बेरकी आहे. गान्सरला मात्र ही माणसं खरोखर भांबावलेली वाटली. काही दिवसांनी ती शुद्धीवर येत आणि मधलं त्यांना काही आठवत नसे. हा आजार की नाटक, यावर डॉक्टरांचं आजही एकमत नाही. बंदिवास माणसाच्या डोक्याला काय करतो याचा तो एक नमुना आहे, आणि ‘तो तर नाटक करतोय’ असं दारातून बघून ठरवणाऱ्या जेलरने, वकिलाने आणि पत्रकाराने तो माहीत करून घ्यायला हरकत नाही.

इथवर झाला तो बचावाचा मामला. याहून वाईट अवस्था आहे ती बचावाच्या आधीच अडकलेल्यांची. आरोपीला खटल्यात आपल्याशी काय चाललं आहे हेच कळत नसेल, वकिलाला काही सांगता येत नसेल, तर कायद्याने खटला थांबवावा लागतो. तत्त्व चांगलं आहे. ज्याला काही कळत नाही त्याच्यावर खटला चालवू नये. पण थांबलेला खटला पुन्हा सुरू कोण करणार? 

एका फेऱ्याचं वर्णन करतो. न्यायालय आदेश देतं, आरोपीस तपासणीसाठी मनोरुग्णालयात पाठवावे. कारागृह पोलीस मुख्यालयाकडे गार्ड मागतं. गार्ड गणपतीच्या नाहीतर निवडणुकीच्या बंदोबस्तात. तारीख येते, रोजनाम्यात नोंद होते, ‘अहवाल अप्राप्त’. पुढची तारीख. कधीतरी माणूस मनोरुग्णालयात पोचतो, दोन महिने गोळ्या नियमित मिळतात, माणूस बोलायला लागतो, डॉक्टर लिहितात की खटल्यास सामोरा जाण्यास सक्षम. परत कारागृह. इथे गोळ्यांचा स्टॉक संपतो, किंवा त्या गोळीने झोप येते म्हणून सकाळच्या गिनतीला उठवत नाही म्हणून तोच घेत नाही. तीन महिन्यांनी पेशीला उभा राहतो तेव्हा पुन्हा भिंतीशी बोलत असतो. न्यायाधीश पुन्हा तोच आदेश देतात. यात कुणीही दुष्ट नाही. प्रत्येकाने आपलं पत्र वेळेवर पाठवलेलं असतं.

याच फेऱ्यात आसामचा मचांग लालुंग सापडला. १९५१ मध्ये गंभीर दुखापतीच्या आरोपावरून अटक, मग तेजपूरचं मनोरुग्णालय. १९६७ मध्ये डॉक्टरांनी तो बरा असल्याचं कळवलं. बाहेर आला २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. ५४ वर्षं, एकही दिवस खटला न चालता. घरी जाऊन दोन-अडीच वर्षांत तो गेला. हे जुनं झालं असं वाटत असेल तर २०२१ घ्या: १९८० मध्ये दार्जिलिंगमध्ये खुनाच्या आरोपावरून पकडलेला नेपाळचा एक नागरिक ४० वर्षांहून अधिक काळ कच्चा कैदी राहून कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशाने सुटला. १९८२ साली बिहारमधल्या हजारीबाग कारागृहाबद्दलच्या एका पत्राचं सर्वोच्च न्यायालयाने याचिकेत रूपांतर केलं, तेव्हा तिथे वेडे म्हणून टाकलेले आणि बरे होऊनही दशकानुदशकं आत राहिलेले कैदी सापडले.

आणि रुदुल साह. हे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना नुकसानभरपाईच्या धड्यात भेटतं. १९६८ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. तुरुंगातून तो सुटला १९८२ मध्ये. १४ वर्षं का ठेवलंत, या प्रश्नाला बिहार सरकारचं उत्तर होतं, तो मनोविकल होता. कोणत्या डॉक्टरने ठरवलं, काय उपचार केले, याचा पत्ता नाही. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने १९८३ मध्ये तीस हजार रुपये भरपाई दिली. वेडाचं पांघरूण घेण्याचा आरोप आपण कैद्यांवर करतो; इथे ते सरकारने घेतलं होतं.

अशा कैद्यांसाठी कायद्यात दार नाही असं नाही. मनोविकल आरोपीला भरती करून उपचार करण्याची गरज नसेल, तर गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, न्यायालयाने त्याला जामिनावर सोडावं अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. फक्त एक अट आहे. कुणीतरी नातेवाईक किंवा मित्र पुढे यायला हवा, बाह्यरुग्ण म्हणून उपचार करून घेण्याची हमी द्यायला हवी. निर्दोष ठरलेल्या मनोरुग्णाचंही तेच: एकतर ‘सुरक्षित ताबा’, नाहीतर हमी देणारा नातेवाईक. आता जो खून बहुतेक वेळा घरातच झालेला असतो, आईचा, बायकोचा, भावाचा, त्या घरातून हमी द्यायला कोण येणार? ज्या भावाने आई गमावली त्यालाच सांगायचं की याला घरी ने आणि रोज गोळी दे. तो येत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. अशा माणसाचं स्वातंत्र्य आपण एका फाटलेल्या कुटुंबाच्या सहीवर टांगून ठेवलं आहे.

बरं, लांबलेल्या कच्च्या कैदेवर दुसरा एक उतारा होता. जुन्या संहितेच्या ४३६ अ कलमानुसार कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद होती; फाशीची शिक्षा असलेले गुन्हे तेवढे वगळलेले. नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमाने प्रथमच गुन्हा करणाऱ्यासाठी ती मुदत एक तृतीयांशावर आणली आणि त्याचं कौतुकही झालं. पण त्याच कलमाने फाशीबरोबर जन्मठेपेचे गुन्हेही वगळून टाकले. घातक हत्याराने गंभीर दुखापत करण्याला जन्मठेप होऊ शकते. म्हणजे मचांग लालुंगवर होता तोच आरोप आज कुणावर आला, तर जुन्या कायद्याने त्याला जो आधार मिळाला असता तो नव्याने मिळणार नाही. ज्या देशात २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे होते, तिथे हे वगळणं फार चर्चा न होता पार पडलं.

दोषी ठरल्यावर आत आजारी पडणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. त्यांना २२ व्या कलमाचा उपयोग नाही, कारण गुन्हा करतेवेळी ते शुद्धीत होते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या एका गटाने २०२१ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या ८८ कैद्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास मांडला, त्यात ६२.२ टक्के कैद्यांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता. ज्याला आपल्याला का मारलं जातंय हे कळत नाही त्याला फासावर चढवण्याला शिक्षा म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ पासून वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच, दोन लहान मुलींवर बलात्कार करून त्यांचा खून करणाऱ्या कैद्याच्या प्रकरणात न्यायालयाने त्याचं नाव निकालात न घेता फाशी रद्द केली आणि त्याला उरलेलं आयुष्य तुरुंगात ठेवायचा आदेश दिला. गुन्हा इतका किळसवाणा, की हा निकाल वाचताना माझाही हात आखडतो. पण शिक्षा झाल्यानंतर जडलेला गंभीर आजार न्यायालयाने विचारात घ्यायचा की नाही, हा प्रश्न सोप्या खटल्यात सुटणारच नव्हता.

यावरचा सगळ्यात रास्त आक्षेप मृतांच्या घरच्यांचा आहे. आमचं माणूस गेलं, आणि तो ‘निर्दोष’? इथे कायद्यातली एक गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही. मनोविकलतेच्या कारणावरून सोडताना, ते कृत्य आरोपीनेच केलं की नाही हे न्यायाधीशाला निकालात स्पष्ट नोंदवावं लागतं. ‘यानेच मारलं’ हे सरकारदरबारी लिहिलं जातं. ते त्यांना समजेल अशा मराठीत वाचून दाखवावं. त्याला सोडण्याचा विचार होईल तेव्हा त्यांना आधी कळवावं, त्यांचं म्हणणं ऐकावं. सुटकेवर त्यांना नकाराधिकार मात्र देऊ नये. तो डॉक्टरांचा आणि न्यायालयाचा प्रश्न आहे. ‘मग धोकादायक माणूस मोकळा सोडायचा का’ याचं उत्तर सरळसरळ ‘नाही’ असंच आहे. जो धोकादायक आहे त्याला रुग्णालयात ठेवा. पण दर सहा महिन्यांनी न्यायालयाने स्वतःहून विचारावं, अजून धोका आहे का. आणि त्या गुन्ह्याला जी कमाल मुदतीची शिक्षा असते तेवढी वर्षं झाली, की ठेवण्याचं कारण नव्याने सिद्ध करण्याचा भार सरकारवर यावा. ज्याला न्यायला कुणी येत नाही त्याच्यासाठी नातेवाइकाच्या सहीऐवजी राज्याने चालवलेलं निवासी केंद्र हमीदार मानावं. मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं अडकलेल्या रुग्णांचा प्रश्न डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेला आहेच. तुरुंगातून आलेले रुग्ण हे त्यातलेच सर्वात विसरलेले.

हे सगळं करायला नवा कायदा लागेल असंही नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं १०३ वं कलम कैद्यांसाठीच आहे. प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र हवं, असं ते सांगतं. आमच्याकडे एकही मनोरुग्ण कैदी ठेवलेला नाही, असा दाखला प्रत्येक कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायचा, असंही सांगतं. डॉक्टरने रुग्ण नसल्याचा दाखला द्यायचा ही कल्पनाच मजेशीर आहे. पण आहे ते हत्यार वापरावं. वकील संघटनांनी, पत्रकारांनी महाराष्ट्रातल्या नऊ मध्यवर्ती कारागृहांचे हे तिमाही दाखले माहितीच्या अधिकारात मागवावेत. ज्या तिमाहीत ‘एकही नाही’ लिहिलं असेल, त्याच तिमाहीत त्या कारागृहातून किती कैदी मनोरुग्णालयात पाठवले, किती परत आले आणि किती जणांच्या रोजनाम्यात ‘अहवाल अप्राप्त’ पडलं, हे तीन आकडे त्याच्या शेजारी छापावेत.